विश्लेषण : काहीशे रुपयांच्या सेन्सरसाठी ‘लिनक्स’मध्ये कोड कसा जातो? नवख्या अभियंत्यांसाठी हे काम महत्त्वाचे का?

खोलीतला उजेड कमी झाला की लॅपटॉपचा स्क्रीन मंद होतो, गोदामात आर्द्रता वाढली की यंत्र सूचना देते, वाऱ्याच्या झोतातही ड्रोन तोल सावरते. या सगळ्यांमागे सेन्सर असतात. पण सेन्सर नुसता बसवून भागत नाही. त्याची भाषा संगणकाला समजावून सांगणारा ड्रायव्हरही लागतो. अँड्रॉइड फोनपासून सुपरकॉम्प्युटरपर्यंत सर्वत्र असलेल्या लिनक्समध्ये असे ड्रायव्हर जगभरातून येतात आणि ते लिहिणाऱ्यांत महाविद्यालयीन विद्यार्थीही असतात. युरोपचा नवा सायबर कायदा आणि भारताचे चिपनिर्मितीचे धोरण या दोन्हींमुळे या दुर्लक्षित कामाला आता वेगळे महत्त्व आले आहे. नवख्याचा कोड कर्नलपर्यंत पोहोचतो कसा आणि वाटेत त्याला इतकी चाळण का लागते, याचा हा आढावा.

कर्नल आणि ड्रायव्हर म्हणजे नेमके काय?

हा लष्करातला कर्नल नव्हे. संगणकाचे प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि त्याला जोडलेली उपकरणे यांचा कारभार पाहणारा, ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला भाग म्हणजे कर्नल. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण अशी एक प्रणाली छंद म्हणून तयार करत असल्याचे जाहीर केले. तिचेच पुढे लिनक्स झाले. पुढच्याच वर्षी ते ‘जीपीएल’ या मुक्त परवान्याखाली आले. या परवान्यामुळे हा कोड कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो. मात्र बदललेली आवृत्ती दुसऱ्याला देताना तिचा कोडही खुला ठेवावा लागतो.

आज या कर्नलमध्ये सुमारे चार कोटी ओळींचा कोड आहे. त्यातला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरचा आहे. बाजारात दरवर्षी नव्या चिप येतात आणि प्रत्येक चिपची बोलण्याची पद्धत वेगळी असते. ड्रायव्हर दुभाष्याचे काम करतो. चिपला काय विचारायचे, उत्तर कुठे मिळेल आणि त्याचा अर्थ काय, हे त्याला माहीत असते. त्यामुळे वरच्या ॲपला चिप कोणत्या कंपनीची आहे याची चिंता करावी लागत नाही.

सेन्सरचा ड्रायव्हर काय करतो?

हौशी आणि विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या बॉश कंपनीच्या ‘बीएमई२८०’ या सेन्सरचे उदाहरण घेता येईल. बोटाच्या नखाहूनही लहान असलेली ही चिप तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजते. ती ‘आय-टू-सी’ या पद्धतीने संगणकाला जोडता येते. फिलिप्स कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेल्या या पद्धतीत माहितीसाठी एक आणि ठेका धरण्यासाठी एक अशा दोनच तारा लागतात. एकाच जोडीवर अनेक चिप बसू शकतात, म्हणून प्रत्येक चिपला पत्ता असतो.

ड्रायव्हर सुरू झाला की आधी त्या पत्त्यावर जाऊन चिपचा ओळख क्रमांक वाचतो. क्रमांक जुळला तरच पुढची बोलणी. मग तो तापमान मागतो, पण चिप ‘२७ अंश’ असे उत्तर देत नाही. ती एक कच्चा आकडा देते. प्रत्येक चिप कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यातच काही दुरुस्ती-गुणांक लिहून ठेवलेले असतात, कारण एकाच साच्यातल्या दोन चिपही अगदी सारख्या मोजत नाहीत. हे गुणांक वाचून, डेटाशीटमधल्या सूत्रात घालून खरा आकडा काढणे हे ड्रायव्हरचे काम. याच चिपमध्ये तापमानाचे गणित आधी करावे लागते, कारण दाब आणि आर्द्रतेच्या सूत्रांत त्याचे उत्तर वापरले जाते.

हा आकडा कोणत्या एककात द्यायचा, हेही ठरलेले असते. लिनक्समध्ये अशा सेन्सरसाठी ‘इंडस्ट्रियल आय-ओ’ अर्थात ‘आयआयओ’ हा स्वतंत्र विभाग आहे. जोनाथन कॅमेरॉन यांनी सुरू केलेला हा विभाग २००९ मध्ये कर्नलच्या प्रायोगिक कक्षात आला आणि नंतर मुख्य भागात स्थिरावला. त्याच्या नियमानुसार तापमान अंशाच्या हजाराव्या भागात आणि दाब किलोपास्कलमध्ये दिला जातो. म्हणजे २७.३५ अंश तापमान ‘२७३५०’ असे दिसेल आणि हवामान खात्याच्या भाषेतला १०१३ हेक्टोपास्कल दाब १०१.३ असा येईल. कंपनी कोणतीही असो, एकक हेच.

एककाचा आग्रह फुकाचा नाही. १९९९ मध्ये ‘नासा’चे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाजवळ पोहोचून नष्ट झाले. जमिनीवरची एक संगणकप्रणाली पौंडाच्या मापात आकडे देत होती आणि दुसरी ते न्यूटनच्या मापात आहेत असे धरून चालली होती.

नवख्यांना हाच दरवाजा सोपा का वाटतो?

कर्नलमधील मेमरी व्यवस्थापन किंवा प्रोसेसरचा वेळ वाटून देणारा भाग समजायला वर्षे लागतात. तिथली चूक कोट्यवधी यंत्रांना भोवते. सेन्सरचा ड्रायव्हर त्या मानाने आटोपशीर असतो. अनेक साधे ड्रायव्हर काहीशे ओळींत संपतात. चिप काहीशे रुपयांत मिळते, रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतोच आणि डेटाशीट मोफत उपलब्ध असते. कोड बरोबर आहे का, याची पहिली चाचणीही सोपी. सेन्सरवर फुंकर मारली की आर्द्रता वाढलेली दिसली पाहिजे.

म्हणूनच मार्गदर्शनाच्या उपक्रमांत ‘आयआयओ’ला पसंती असते. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा एक गट नवख्यांना याच विभागातून कर्नलची ओळख करून देतो. ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमात २०१८ मध्ये भारतातील एका विद्यार्थ्याने बॉशच्याच ‘बीएमई६८०’ या वायू ओळखणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर लिहिला. तो मुख्य कर्नलमध्ये दाखल झाला आणि आजही तिथे आहे.

अर्थात, नवा ड्रायव्हर लिहिणे हीच सुरुवात असते असे नाही. अनेकदा नवी चिप जुन्याच चिपची सुधारित आवृत्ती असते. बॉशच्या दाबमापक चिपच्या अनेक पिढ्या एकाच ड्रायव्हरवर चालतात. त्यामुळे नवख्याने पाठवलेल्या स्वतंत्र ड्रायव्हरवर पहिला प्रश्न येतो तो ‘आधीच्या ड्रायव्हरमध्येच ही चिप सामावता येणार नाही का?’ हाच. तीन आठवडे खपून लिहिलेल्या सहाशे ओळी बाजूला ठेवून चाळीस ओळींची भर घालावी लागणे, हा इथला पहिला धडा ठरू शकतो.

कोड लिहून झाला, पुढे काय?

कर्नलमध्ये कोड थेट चढवता येत नाही. केलेला बदल ‘पॅच’ म्हणून साध्या मजकुराच्या ईमेलने पाठवावा लागतो आणि त्यावरची सगळी चर्चा सार्वजनिक असते. मोठा बदल एकगठ्ठा चालत नाही. त्याचे लहान, स्वतंत्रपणे समजतील असे तुकडे करावे लागतात. सेन्सरच्या बाबतीत साधारणतः एका तुकड्यात चिपचे वर्णन असते, म्हणजे तिला वीज कुठून मिळते, कोणती तार कुठे जाते वगैरे. दुसऱ्या तुकड्यात प्रत्यक्ष ड्रायव्हर असतो. हा ड्रायव्हर पुढे कोण सांभाळणार, याची नोंदही करावी लागते.

पाठवण्याआधी एक तपासणी-प्रोग्रॅम चालवला जातो. तो ओळीतली मोकळी जागा आणि मांडणीपासून किरकोळ चुकांपर्यंत सगळे दाखवतो. पाठवल्यावर इंटेलची स्वयंचलित यंत्रणा तो कोड वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी बांधून पाहते आणि काही बिघडले तर कळवते. त्यानंतर माणसे वाचतात. त्यांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेली दुसरी आवृत्ती जाते, मग तिसरी. साध्या ड्रायव्हरच्याही पाच-सहा आवृत्त्या होणे नवलाचे नाही.

उत्तराला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि किमान आठवडाभर थांबल्याशिवाय आठवण करू नये, असा संकेत आहे. मान्य झालेला पॅच आधी ‘आयआयओ’च्या शाखेत जातो, तिथून ग्रेग क्रोह-हार्टमन यांच्याकडे आणि शेवटी टोरवाल्ड्स यांच्याकडे. नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. नवे बदल घेण्याची खिडकी त्यातले पहिले दोनच आठवडे उघडी असते. ती हुकली तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. त्यामुळे पहिल्या ईमेलपासून कोड प्रत्यक्ष आवृत्तीत येईपर्यंत चार-सहा महिने सहज जातात. सहा महिन्यांच्या सत्रात प्रोजेक्ट संपवण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला हा वेग जड जातो.

इतकी काटेकोर तपासणी कशासाठी?

पहिले कारण कायमस्वरूपी वचनाचे. लिनक्समध्ये वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला दिसणारी गोष्ट एकदा ठरली की मोडायची नाही, हा टोरवाल्ड्स यांचा सर्वात कडक नियम आहे. ड्रायव्हरने तापमानाच्या फाइलला चुकीचे नाव दिले किंवा आकडा दहापट जास्त दिला आणि ते तसेच प्रसिद्ध झाले, तर त्यावर विसंबून लिहिलेली ॲप्स जगभर पसरतात. नंतर चूक दुरुस्त करणे हीच मोडतोड ठरते. म्हणून नावावरून आणि एककावरून चाललेली चर्चा नवख्याला कीस काढल्यासारखी वाटली, तरी नंतर ती करण्याची संधी मिळत नाही.

दुसरे कारण सुरक्षेचे. ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो, म्हणजे त्याच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या असतात. २०२४च्या अखेरीस ‘आयआयओ’मधील अनेक ड्रायव्हरमध्ये एकाच प्रकारची चूक दुरुस्त करण्यात आली. हे ड्रायव्हर सेन्सरचे आकडे एका ठरावीक आकाराच्या खोक्यात भरून ॲपकडे पाठवत. खोक्यातले काही कप्पे रिकामे राहत, पण ते आधी पुसलेले नसत. त्यामुळे मेमरीतला जुना, भलताच मजकूर आकड्यांसोबत बाहेर जाण्याची शक्यता होती. उपाय एका ओळीचा होता, खोके भरण्याआधी शून्याने पुसून घेणे. पण ही चूक वर्षानुवर्षे अनुभवी डोळ्यांतूनही सुटली होती. जुन्या ड्रायव्हरची नक्कल करून नवा लिहिण्याची पद्धत असल्याने अशी चूक एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये पसरतेही.

अनोळखी व्यक्तीच्या कोडवर विश्वास कसा ठेवायचा?

प्रत्येक पॅचच्या तळाशी पाठवणाऱ्याची सहीवजा ओळ लागते. हा कोड देण्याचा अधिकार मला आहे, असे तो त्यातून सांगतो. ‘एससीओ’ कंपनीने लिनक्समधील कोडच्या मालकीवरून ‘आयबीएम’वर २००३ मध्ये दावा ठोकला. त्यानंतर २००४ मध्ये ही पद्धत आली. निनावी योगदान घेतले जात नाही. कोड तपासणाऱ्यांची आणि प्रत्यक्ष चिपवर चालवून पाहणाऱ्यांची नावेही पॅचवर नोंदली जातात.

हा विश्वास दोनदा जोरात हादरला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी, तपासणीतून सदोष कोड सुटतो का हे पाहण्यासाठी, मुद्दाम तसे पॅच पाठवले होते. ते उघड झाल्यावर एप्रिल २०२१ मध्ये क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे योगदान रोखले आणि आधीच्या पॅचची फेरतपासणी झाली. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लिनक्स जगतात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या, पण कर्नलबाहेरच्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. तो बसवणाऱ्याने आधी सुमारे दोन वर्षे इमानेइतबारे काम करून, थकलेल्या मूळ चालकाचा विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगइनला लागणारा अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ खटकला आणि त्यातून हे प्रकरण बाहेर आले.

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. डेटाशीट देऊन ड्रायव्हर लिहून घेणे आता शक्य आहे. तो नीटनेटका दिसतो, बांधलाही जातो. पण अस्तित्वात नसलेल्या रजिस्टरमध्ये लिहिणे किंवा चिपला जागे व्हायला लागणारा वेळ न देणे अशा चुका प्रत्यक्ष चिपवर चालवल्याशिवाय दिसत नाहीत. कर्नलच्या नियमांनुसार एआय साधनाला सही करता येत नाही, ती माणसानेच करायची आणि जबाबदारीही त्याचीच. तपासणाऱ्याने ‘ही ओळ कशासाठी?’ असे विचारल्यावर उत्तर देता आले नाही, तर नवख्याची पत तिथेच जाते.

तपासणाऱ्यांवर भार किती? पैसे कोण देते?

कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीत सुमारे दोन हजार जणांचा हातभार असतो आणि त्यातले दोनशेहून अधिक पहिल्यांदाच आलेले असतात. यातले बहुतांश काम फुकटात होत नाही. इंटेल, रेड हॅट, गूगल, एएमडी यांसारख्या कंपन्यांचे पगारी अभियंते ते करतात. सेन्सरच्या क्षेत्रात ‘ॲनालॉग डिव्हायसेस’सारख्या चिप कंपन्या स्वतः ड्रायव्हर पाठवतात, कारण ड्रायव्हर तयार असेल तर चिप विकणे सोपे जाते.

कोड लिहायला पगार मिळतो, पण दुसऱ्याचा कोड वाचायला क्वचितच. पॅच पाठवणारे वाढतात, वाचणारे मात्र तेवढेच राहतात. एखाद्या विभागाचा चालक अनेकदा शनिवार-रविवारी बसून हा ढीग उपसतो. यातून चिडचिडही होते. टोरवाल्ड्स यांनी आपल्या शिवराळ ईमेलबद्दल सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली होती. त्याच वेळी प्रकल्पाने आचारसंहिताही स्वीकारली. आता भाषा बरीच निवळली आहे, पण वेळेची टंचाई तशीच आहे. त्यामुळे स्वतःचा पॅच अडकलेला असताना इतरांचे पॅच वाचून सूचना देणारा, दुसऱ्याचा ड्रायव्हर आपल्याकडच्या चिपवर चालवून पाहणारा नवखा लवकर ओळखीचा होतो. त्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. चिप हाताशी असली तरी पुरते.

युरोपच्या कायद्याचा याच्याशी काय संबंध?

युरोपीय संघाचा ‘सायबर रेझिलियन्स ॲक्ट’ १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. सुरक्षेतील त्रुटी कळवण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार, असे त्याचे वेळापत्रक आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या डिजिटल उपकरणांना साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा अपडेट देणे उत्पादकावर बंधनकारक आहे. मूलभूत अटी मोडल्यास दंड दीड कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या अडीच टक्के, यांपैकी जो जास्त असेल तितका होऊ शकतो. वाहनांना वेगळे नियम असल्याने ती यातून वगळली आहेत. पण औद्योगिक नियंत्रक, राउटर, घरगुती उपकरणे यात येतात. व्यावसायिक हेतूविना मुक्त प्रकल्पाला कोड देणाऱ्या व्यक्तीवर हा बोजा नाही, तो वस्तू विकणाऱ्यावर आहे.

इथेच ड्रायव्हर कुठे आहे, हा प्रश्न पैशाचा होतो. अनेक कंपन्या चिप उत्पादकाकडून मिळालेल्या जुन्या कर्नलवर, बाहेरून जोडलेल्या ड्रायव्हरसह उपकरण विकतात. कर्नलचा आतला भाग सतत बदलत असतो. ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये असेल तर आतला बदल करणाराच तोही सुधारून घेतो. बाहेर असेल तर प्रत्येक नव्या आवृत्तीत तो मोडतो आणि दुरुस्तीचा खर्च कंपनीच्या माथी येतो. मग उपकरण जुन्या कर्नलवरच राहते आणि त्रुटींसकट चालू राहते. अपडेट बंद झालेला, पण हार्डवेअर धडधाकट असलेला फोन अनेकांच्या ड्रॉवरमध्ये असतो. त्यामागचे एक कारण हेच.

भारतासाठी आणि महाराष्ट्रातील तरुणांसाठी यात काय?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टर क्षेत्रासाठी ७६ हजार कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’चा ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर प्रकल्पही सुरू आहेत. पण चिप तयार झाली म्हणजे ती वापरली जाईलच असे नाही. तिच्यासाठीचा कोड मुख्य लिनक्समध्ये असेल, तरच जगातला कोणताही उत्पादक ती निर्धास्तपणे निवडतो. त्यासाठी कर्नलच्या रीतीभाती जाणणारी, तिथे पत असलेली माणसे लागतात. ती एका आदेशाने तयार होत नाहीत. अनेकांची सुरुवात एखाद्या छोट्या सेन्सरपासूनच होते.

पुणे हे वाहन आणि औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र आहे आणि या क्षेत्रात लिनक्सवर काम करणाऱ्यांची गरज आहे. मुलाखतीत ‘सी’ भाषा येते असे सांगणारे पुष्कळ असतात. मुख्य कर्नलमधला पॅच मात्र कोणीही, कधीही उघडून पाहू शकते. त्यावरच्या सगळ्या सूचना आणि त्या मुलाने किंवा मुलीने त्यांना दिलेली उत्तरेही त्यात दिसतात. अडाणी प्रश्न विचारला होता का, टीका झाल्यावर पुढची आवृत्ती किती दिवसांनी पाठवली, चूक कबूल केली का, हे सगळे कायमचे नोंदलेले राहते. काही विद्यार्थी याच भीतीने पहिला ईमेल पाठवत नाहीत. प्रत्यक्षात अनुभवी चालकांच्याही जुन्या चुका तिथेच पडून आहेत.

‘नासा’च्या ‘इन्जेन्युइटी’ या हेलिकॉप्टरने १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर पहिले उड्डाण केले. ते लिनक्सवर चालत होते. त्यात वापरलेल्या मुक्त प्रकल्पांना हातभार लावणाऱ्या सुमारे १२ हजार जणांच्या खात्यांवर ‘गिटहब’ने त्यानिमित्त मानचिन्ह झळकवले. आपला कोड तिथवर जाईल, हे त्यातल्या बहुतेकांना तो लिहिताना माहीत नव्हते.